घाडींच्या गाडीचं गाऱ्हाणं

आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी चिरडलेलं लिंबू दिसलं की समजायचं, सहदेव घाडी सहलीला गेला. लिंबाची साल ओली असेल तर गाडी फार तर ऐरोलीच्या पुलापर्यंत पोचली असेल, सुकली असेल तर घाट चढून गेली असेल, असा अंदाज मी खिडकीतून करत असे.

मला लिहायची सवय नाही. आयुष्यात रजेचे अर्ज लिहिले, तेही सगळे एकाच नमुन्याचे. तरी सहदेवबद्दल लिहायला बसलो आहे, कारण जे घडलं तेव्हा मोबाइल माझ्या हातात असायला हवा होता आणि नव्हता.

सहदेव आणि मी विक्रोळीला एकाच कंपनीत चौतीस वर्षं होतो. तो स्टोअरमध्ये, मी पॅकिंगला. राहायलाही कन्नमवार नगरात एकाच बिल्डिंगमध्ये. तो दुसऱ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर. तो मालवणकडचा, मी फलटणकडचा. स्टोअरमधली माणसं सही घेतल्याशिवाय खिळाही देत नाहीत. सहदेवकडे वाटीभर साखर मागितली तर तो आधी वाटी उलटी करून तिच्यावर कुणाचं नाव आहे ते बघतो.

पण बिल्डिंगमध्ये त्याची ओळख गाऱ्हाण्यामुळे. कोकणात कुठल्याही कामाआधी देवाला मोठ्याने सगळं सांगायचं, मागायचं, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. एक जण बोलतो आणि बाकीचे हात जोडून प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. घाड्यांकडे हा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. आमच्या बिल्डिंगचा पाण्याचा पंप बदलला तेव्हा सहदेवने इतकं सविस्तर गाऱ्हाणं घातलं, की देवाला पंपाची गॅरंटी कधी संपते तेसुद्धा कळलं.

आम्ही बौद्ध. आमच्या घरात गाऱ्हाणं, नारळ, लिंबू यातलं काही नाही. सहदेवला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे आणि त्यावरून त्याने कधी एक शब्द काढला नाही. पुढे माझे हात मोकळे असतात याचा त्याने उपयोग मात्र करून घेतला.

ज्या गाऱ्हाण्यावर तो विक्रोळीत राजा होता, ते त्याने गावात कधी पुरं केलेलं नव्हतं. हे त्याने मला एकदाच, डबा खाताना सांगितलं होतं. एकोणीस वर्षांचा असताना जत्रेत त्याला पहिल्यांदा देवासमोर उभं केलं. अर्ध्यावर तो अडकला. पुढचं काही आठवेना. मग त्याच्या चुलत्याचा मुलगा खंडू, जो त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, त्याने तिथून उचललं आणि शेवटपर्यंत नेलं. त्या साली सहदेव मुंबईला आला. तेव्हापासून गावचं गाऱ्हाणं खंडू घालतो.

“गावाला अजून वाटतं, सहदेव म्हणजे अडकलेला,” तो म्हणाला आणि डब्याचं झाकण लावलं.

त्याची इच्छा एवढीच होती. मुलाची गाडी, घरच्या सगळ्या माणसांसकट, जत्रेच्या दिवशी देवळापुढे उभी राहावी आणि तिथे त्याने एकदा, न अडकता, खंडूच्या देखत पुरं गाऱ्हाणं घालावं.

मुलगा निलेश मुलुंडला राहतो. तो आणि त्याची बायको श्रुतिका दर दोन-तीन महिन्यांनी सहदेवला आणि त्याच्या बायकोला, मालनवहिनींना, गाडीतून कुठेतरी फिरवून आणतात. अलिबाग झालं, माथेरानचा पायथा झाला. गावाचं नाव काढलं की निलेश म्हणायचा, “हायवेचं काम पुरं होऊ दे ना बाबा, मग जाऊ.” त्या हायवेने सहदेवला किती वर्षं अडवलं ते मी मोजत बसलो नाही.

व्लॉगची कल्पना श्रुतिकाची. सहदेवला पुढच्या सीटवर बसून “आता तिसरा टाक”, “ट्रकच्या मागे कशाला ऱ्हवतंस” असं सांगायची सवय. निलेशने स्वतः सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. श्रुतिका हुशार. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही आपल्या ट्रिपचे व्हिडिओ काढा ना. लोक चॅनेल काढतात. मी शिकवते.” चॅनेलचं नावही तिनेच ठेवलं, ‘घाडींची गाडी’.

पहिला व्हिडिओ महाबळेश्वरचा. तो त्यांच्या टीव्हीवर लावला तेव्हा मला आणि माझ्या बायकोला, सोनूबाईला, खास बोलावलं होतं. पन्नास मिनिटं आम्ही बघत होतो. श्रुतिका शेवटी म्हणाली, “बाबा, यात तुमचं बोट आहे, डॅशबोर्डवरचा गणपती आहे आणि मधूनमधून महाबळेश्वर आहे.”

“गणपती नको?”

“गणपती हवा हो. त्याच्या मागचा रस्ताही हवा.”

मला विचारलं तेव्हा मी छान आहे म्हणालो. मी सगळ्यालाच छान म्हणतो.

मग तो शिकायला लागला. कंपनीची जुनी डायरी काढून त्यात नियम लिहिले. फोन आडवा धरावा. काचेबाहेर हात काढून बोलू नये, वारा बोलतो. झाडाला पाणी घातल्यासारखा फोन फिरवू नये. काढण्याआधी तीन सेकंद आणि काढल्यावर तीन सेकंद हात हलवू नये. हे शेवटचं त्याने मलाही पाठ करायला लावलं. स्टोअरची सवय मात्र सुटली नाही. प्रत्येक व्हिडिओत डिकी उघडून तो आतलं सामान एक एक करून दाखवायचा, स्टेपनीसकट. खोपोलीच्या चहावाल्याकडून त्याने एकच चहा तीनदा ओतून घेतला, कारण पहिल्या दोन वेळा धार फ्रेममध्ये आली नाही. मालनवहिनींचे गुडघे दुखतात. एका देवळाच्या पायऱ्या त्या चढून गेल्यावर याने खालून ओरडून सांगितलं, “परत ये, चढताना घेतलंच नाय!”

“मी एकदाच चढले,” त्या वरून म्हणाल्या. “पुन्हा हवं असेल तर देवाला सांगा खाली यायला.”

हे सगळं त्याने व्हिडिओत ठेवलं, कारण कापायचं कसं ते त्याला अजून येत नव्हतं.

निघण्याआधी गेटपाशी चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदकुंकू आणि गाऱ्हाणं. तेही व्हिडिओत हवं असं सहदेवने ठरवलं. पण गाऱ्हाणं घालताना त्याचे हात जोडलेले, घरच्यांचेही जोडलेले. मग फोन कोण धरणार? त्याने माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून ते काम माझं. माझा हात थोडा थरथरतो, पण बघणाऱ्यांना वाटलं गाडीचं इंजिन चालू आहे.

चार-पाच व्हिडिओ झाले. बघणारे साठ-सत्तर, त्यातल्या दहा वेळा मीच. मग एकदा आकडा अचानक चार हजारांवर गेला. सहदेव खूश. श्रुतिकाने त्याला मोबाइलवर एक रेघ दाखवली. लोक कुठपर्यंत बघतात ते त्या रेघेवरून कळतं म्हणे.

“ही बघा बाबा. इथे सगळे निघून जातात.”

“इथे काय आहे?”

“इथे गाऱ्हाणं संपतं आणि तुम्ही डिकी उघडता.”

म्हणजे साताऱ्याचं पठार, धबधबा, तीनदा ओतलेला चहा, यातलं काही कुणी बघत नव्हतं. लोक फक्त सुरुवातीची तीन मिनिटं बघत होते. खाली लिहीत होते, ‘काका, आवाज काळजात गेला’, ‘आमच्या आज्याची आठवण इली’. लिहिणारे बरेचसे त्याच्याच गावचे आणि आसपासच्या गावांचे.  सहदेवने ती रेघ दोन दिवसांत मला चार वेळा दाखवली.

मग दिवाळीनंतरची सहल आली, नाशिकची. गेटपाशी आम्ही नेहमीप्रमाणे उभे राहिलो. मी फोन आडवा धरला, तीन सेकंद थांबलो. सहदेव सुरू झाला.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या विक्रोळीच्या जाग्यावरून तुझी लेकरां नाशकाक चल्ली हत, त्यांका वाटेत काय विघ्न येव देऊ नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“टायर, ब्रेक, टोलनाको, सगळ्यात तूच उभो ऱ्हव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि येत्या जत्रेक हीच गाडी, हीच माणसां, तुझ्या देवळाफुडे येवन उभी ऱ्हवतली, असो आमचो सगळ्यांचो शब्द हा रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मला फोनच्या पडद्यावर निलेश स्पष्ट दिसत होता. हात जोडलेले, नजर बॉनेटवर ठेवलेल्या स्वतःच्या मोबाइलवरच्या ठाण्याच्या ट्रॅफिकवर आणि तोंडाने खणखणीत ‘व्हय म्हाराजा’. काय झालं ते तिथे फक्त मला आणि सहदेवला कळलं होतं. मी बोलू शकलो असतो. पण दुसऱ्याच्या देवाशी चाललेल्या बोलण्यात मी काय म्हणून मध्ये पडणार?

नाशिकहून आल्यावर सहदेव खाली माझ्याकडे आला. एव्हाना त्याला कापता येत होतं. “धोंडिराम, ता जत्रेचा कापू काय?”

मला मत विचारलं की घाम येतो. मी म्हणालो, “राहू दे.”

त्याने राहू दिलं. दुसऱ्या दिवशी खाली पन्नास जणांनी लिहिलं की वाट बघतो. तिसऱ्या दिवशी खुद्द खंडूचा फोन आला.

निलेश मुलुंडहून तडक आला. “बाबा, ही चीटिंग आहे यार! मला विचारलं तरी होतं का?”

“देवाला विचारत होतो. तू मधेच व्हय म्हणालास.”

“मी ऐकत नव्हतो!”

“देवासमोर बोललेला शब्द मागे घेऊचो नसता,” सहदेव म्हणाला आणि पुढे काही ऐकून घेतलं नाही.

जत्रेला निघायच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, “मागची मधली सीट रिकामी आहे. चल. मोबाइल कोण धरणार?” मी गुडघ्याचं कारण सांगितलं. खरं कारण गुडघा नव्हता. परक्या गावात लोक आडनाव विचारतात आणि मग थोडा वेळ कुणी काही बोलत नाही. त्या थोड्या वेळाचा मला कंटाळा आहे. सहदेवला ते कळलं असावं. त्याने आग्रह केला नाही. नुसतं म्हणाला, “तुझ्यासारखो स्थिर हात कोणाचो नाय रे.” ही मात्र त्याची थाप होती.

पाच दिवसांनी ते परतले आणि रविवारी सकाळी आम्हा दोघांना टीव्हीसमोर बसवलं. निलेश, श्रुतिका होतेच. मालनवहिनींनी पोहे केले होते. श्रुतिकाने या वेळी व्हिडिओ स्वतः जुळवून खाली साध्या मराठीत अक्षरं टाकली होती, कारण बोरीवलीला तिच्या आईला मालवणी समजत नाही.

गाडी देवळापुढे उभी होती, बॉनेटवर झेंडूची माळ. माणसं इतकी की निलेशला सगळी फ्रेममध्ये घेता येईनात. मधोमध सहदेव, नव्या सदऱ्यात. त्याने गाऱ्हाणं सुरू केलं आणि अकरा मिनिटं तो कुठेही थांबला नाही. तीनशे माणसांचा ‘व्हय म्हाराजा’ आमच्या विक्रोळीच्या खोलीत घुमला. बाजूला खंडू उभा होता, काठी टेकून, मान हलवत.

सहदेवने टीव्ही थांबवला. माझ्याकडे वळला. “अडाकलंय खंय?”

“कुठेच नाही,” मी म्हणालो. या वेळी मी नुसतं बरं वाटावं म्हणून बोललो नव्हतो.

तो पुढे सरसावून बसला. “आता पुढचं बघ. हे मी काढलंय. निलेश माणसांची डोकी कापत होता, म्हणून फोन मी घेतला.”

आणि खरंच, सहदेवने काढलेला तो सगळ्यांत चांगला भाग होता. हात हलला नाही. पाठीमागे दीपमाळ, तिच्यावर कोवळं ऊन, मध्ये खंडू. आता खंडू गाऱ्हाणं घालत होता. सहदेव आम्हाला दीपमाळ दाखवत होता. मी चष्मा पुसून खालची अक्षरं वाचत होतो.

‘देवा महाराजा, या खंडूचे पाय आता थकले आहेत.’

“व्हय म्हाराजा!”

‘त्याची मुलं मुंबईला आहेत, इथे गाऱ्हाणं घालायला घाड्यांचा पुरुष उरला नाही.’

“व्हय म्हाराजा!”

‘तुझं लेकरू सहदेव, त्याचा आवाज आम्ही मोबाइलवर ऐकला, आज तुझ्यासमोर ऐकला. येत्या पाडव्यापासून तो इथे येऊन राहील आणि तुझी सेवा हाती घेईल, असा त्याचा शब्द आहे महाराजा.’

आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने, अगदी फोनच्या जवळून, सहदेवचा आवाज आला, “व्हय म्हाराजा!”

पोह्यांची बशी सोनूबाईच्या हातात तशीच राहिली.

“मागे घे,” सहदेव श्रुतिकाला म्हणाला. तिने मागे घेतलं. पुन्हा तोच आवाज. तीनदा मागे घेतलं, तीनदा तो व्हय म्हणाला.

“मी फ्रेम बघत होतंय!” तो ओरडला. “दीपमाळ तिरकी येत होती. मी ऐकतच नव्हतंय!”

निलेशने शांतपणे पोह्यांवर लिंबू पिळलं. “बाबा, देवासमोर बोललेला शब्द मागे घेऊचो नसता.”

“तुम्ही सगळे तिथे होतात ना? एकाने तरी सांगायचं!”

“मी ऐकलं होतं,” मालनवहिनी म्हणाल्या. “मला वाटलं मनापासून म्हणताय. गेली पन्नास वर्षं गाव गाव करताय. मी तर इथली कुठली भांडी न्यायची तेही ठरवलं.”

“श्रुतिका, उडव तो व्हिडिओ.”

“उडवते ना बाबा. पण तिथे तीनशे माणसं उभी होती. ती कशी उडवू?”

सोनूबाईचं तोंड कधी बंद राहत नाही. “भावजी, आमच्या नळाच्या पाण्याला चव नाही, गावच्या विहिरीला आहे, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. आता प्या की पोटभर.”

पुढच्या तीन महिन्यांत सहदेवला बरीच दुखणी झाली. प्रत्येक डॉक्टरने त्याला गावची हवा चांगली असं सांगितलं. खंडूने एक खोली चुन्याने रंगवून तिचा व्हिडिओ पाठवला, उभा, त्यात त्याचं बोट. एका संध्याकाळी सहदेव खाली येऊन माझ्या बाकावर बसला. हायवेच्या गाड्यांचा आवाज येत होता. त्याशिवाय झोप लागणार नाही, बेडकांची भीती वाटते, असं काहीबाही तो बोलत राहिला. मग म्हणाला, “तिथे रोज घालावं लागणार, धोंडिराम. जत्रेत एकदा घातलं, ते दोन महिने पाठ करून. रोज माणसं येतील, कुणाची म्हैस, कुणाची सोयरीक. एक दिवस अडकलो तर? तिथे काय कापता येत नाय.”

मला काहीतरी सांगायला हवं होतं. मी चहा विचारला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी गाडी गेटपाशी उभी राहिली. निलेश दोघांना सोडून परत येणार होता. डिकीत इतकं सामान, की सहदेवने ती या वेळी उघडून दाखवली नाही. मी फोन धरला. तीन सेकंद थांबलो.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या विक्रोळीच्या जाग्यावरून तुझो लेकरू सहदेव...”

आणि तो अडकला.

हात जोडलेले, तोंड उघडं, पुढे काही नाही. रिक्षा गेली, वॉचमनने मान वळवली. निलेशने डोळे उघडून बापाकडे बघितलं. मी हात हलवला नाही, डायरीत तसंच लिहिलेलं होतं. मग मालनवहिनींनी, ज्यांनी आजवर फक्त व्हय म्हटलं होतं, डोळे मिटून तिथूनच उचललं.

“...तुझी चाकरी करूक चल्लो हा. तेका सांभाळ. खंय अडाकलो तर मी आसंय, पण माका गुडघ्यांचा बळ दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” निलेश आणि श्रुतिका म्हणाले. सगळ्यांत शेवटी सहदेव म्हणाला.

त्यानंतर त्याचा आवाज परत आला. फारच परत आला. टायर, ब्रेक, खंडूचे पाय, सगळं म्हणून झाल्यावर त्याने एक डोळा उघडून फोनकडे, म्हणजे माझ्याकडे बघितलं.

“आणि आमचो धोंडिराम येत्या मे महिन्यात मोबाइल धरूक गावाक येतलो, माझ्या घरात ऱ्हवतलो, आणि तेका कोणी काय एक विचारूचा नाय, असो माझो शब्द हा रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी तोंड घट्ट मिटून धरलं. आमच्याकडे ही पद्धत नाही आणि मी इतक्या दिवसांत शहाणाही झालो होतो. पण नेमका तेव्हाच मला खोकला आला. मी फोन त्याच्या हातात दिला. गाडी लिंबावरून गेली.

तो व्हिडिओ आता चॅनेलवर आहे. अडकलेलं त्याने कापलेलं नाही. एकोणीस सेकंद नुसती रिक्षा आणि वॉचमन दिसतो. श्रुतिका सांगते की रेघ तिथे खाली जात नाही, लोक थांबतात.

शेवटी माझा खोकलाही ऐकू येतो. परवा सहदेवचा गावाहून फोन आला. मी म्हणालो, मी व्हय म्हटलेलं नाही. तो म्हणाला, फोनच्या इतक्या जवळून आलेला आवाज व्हयच धरायचा, त्याला अनुभव आहे. सोनूबाईने माळ्यावरून बॅग काढून उन्हात ठेवली आहे.